रात्रींची वाट आणि आपले दिवे

कारखान्यांचे बॉयलर पेटले व फडांतून कोयत्यांचा आवाज उठूं लागला, म्हणजे आमच्या ऊंसकरी बंधूंच्या मनांत दोन काळज्या घर करितात. ऊंस वेळेवर तुटेल कीं नाहीं, ही एक. आणि तुटलेला ऊंस वाळून वजन घटण्यापूर्वीं काट्यावर पोंचेल कीं नाहीं, ही दुसरी. तिसरी एक काळजी मात्र क्वचितच कोणाच्या मनास शिवते. आपल्या शेतांतून भरून निघालेली गाडी अंधाऱ्या रात्रीं रस्त्यानें जात असतां दुसऱ्या कोणाच्या मरणास कारण तर होणार नाहीं ना, ही ती काळजी होय. आज आम्ही आमच्या वाचकांपुढें ही तिसरी काळजी मांडणार आहों.

बीं, खत, पाणी, कीड व बाजारभाव हे आमच्या मासिकाचे नेहमींचे विषय आहेत. मोटारीचे दिवे हा विषय शेतकऱ्यांच्या मासिकांत कशाला, असा प्रश्न कोणी विचारील. त्यास आमचें उत्तर सरळ आहे. आज शेतकऱ्याच्या दारांत ट्रॅक्टर उभा आहे. त्याचा मुलगा पहाटेच्या काळोखांत दुधाच्या किटल्या मोटारसायकलला अडकवून डेअरीवर जातो. त्याची भाजी उजाडण्यापूर्वीं बाजारांत पडावी म्हणून टेंपो मध्यरात्रीं गांव सोडतो. विजेची पाळी रात्रीं असली म्हणजे तो स्वतः अपरात्रीं मोटार सुरू करावयास मळ्याकडे रस्त्याच्या कडेनें चालत निघतो. तेव्हां रात्रींचा रस्ता हा आतां शेतीचाच एक भाग झाला आहे. बांध, पाट व विहीर यांची निगा राखण्याचा विचार जसा आपला, तसाच या रस्त्याचाही विचार आपलाच आहे.

आणि हा विचार किती निकडीचा आहे, हें आंकडेच सांगतील. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणें सन २०२२ या एका वर्षांत भारतांत ४,६१,३१२ अपघात नोंदले गेले व त्यांत १,६८,४९१ माणसें मृत्यु पावलीं. यांपैकीं सुमारें दोन तृतीयांश मृत्यु शहरांत नव्हे, तर ग्रामीण भागांतील रस्त्यांवर घडले. आणि मृतांत शेंकडा ४० हून अधिक लोक दुचाकीवरचे होते. पटकी किंवा प्लेग यांनीं इतकीं माणसें नेलीं असतीं, तर गांवोगांव सभा भरल्या असत्या. रस्त्यावर माणसें एकेकटीं मरतात, म्हणून त्यांचा हिशेब आपल्या मनांत होत नाहीं, इतकेंच.

येथें आम्हांस एक स्वतःची गोष्ट सांगणें प्राप्त आहे. ती सांगण्यास संकोच वाटतो, तथापि ती लपवून दुसऱ्यास उपदेश करणें हें अप्रामाणिकपणाचें होईल. दोन वर्षांपूर्वीं पौषाच्या वद्य पक्षांत आम्ही एका सभेहून रात्रीं नऊच्या सुमारास एका स्नेह्याच्या मोटारींतून परत येत होतों. रस्ता चांगला डांबरी, पण दोन्ही बाजूंस उंच ऊंस व वर चंद्र नाहीं. समोरून एक मोटार प्रखर झोत टाकीत आली. आमच्या स्नेह्यानें आपला झोत दोनदां खालीं-वर करून विनंति केली. समोरच्यानें ती मानली नाहीं. तेव्हां स्नेह्यासही राग आला व त्यानेंही आपला झोत चढवूनच ठेविला. दोन्ही गाड्या एकमेकींस ओलांडून गेल्या आणि पुढील दोन-तीन क्षण रस्ता म्हणून कांहीं दिसेना. नंतर जें दिसलें तें अवघ्या कांहीं हातांवर, आणि ती उंसाच्या बुडख्यांची एक भिंत होती! स्नेह्यानें चाक डावीकडे फिरविलें. मुरमाची बाजूपट्टी त्या जागीं रुंद होती, एवढ्याच कारणानें आज हे शब्द लिहिण्यास आम्ही उरलों आहों.

उतरून पाहतों तों एका ट्रॅक्टरमागें दोन ट्रॉल्या. मागें दिवा नाहीं, तांबडी पट्टी नाहीं, कांहीं नाहीं. चालवणारा विशीच्या आंतबाहेरचा पोर होता. आम्हीं त्याच्यावर यथेच्छ तोंडसुख घेतलें व शेवटीं दरडावून विचारलें, "कोणाचा ऊंस आहे हा?" तो भेदरलेल्या स्वरांत म्हणाला, "खालच्या मळ्यांतल्या अण्णांचा, जी." ते खालच्या मळ्यांतले अण्णा म्हणजे आम्हीच. अंधारांत त्यानें आम्हांस ओळखलें नव्हतें. त्याच दिवशीं दुपारीं ती ट्रॉली भरली जात असतां आम्ही बांधावर उभे होतों. मोळ्या नीट बांधल्या आहेत कीं नाहींत, वाढें किती गेलें, हें सर्व आम्हीं पाहिलें. मागें दिवा आहे कीं नाहीं, हें मात्र पाहिलें नाहीं. त्या रात्रींच्या प्रसंगांत तीन अपराधी होते. झोत खालीं न करणारा परका मोटारवाला, रागानें झोत चढविणारे आमचे स्नेही, आणि बिनदिव्याची ट्रॉली रस्त्यावर जाऊं देणारे आम्ही. या तिन्ही अपराधांचा विचार क्रमानें करावयाचा आहे.

प्रथम डोळ्याचा विचार करूं. डोळ्यांतील बाहुली प्रखर उजेडांत क्षणांत आकसते. परंतु अंधारांत पुनः मोठी होण्यास तिला त्याहून बराच अधिक वेळ लागतो. बाहुलीच्या मागील पडद्यावर अंधुक प्रकाशांत पाहण्याचें काम करणाऱ्या ज्या सूक्ष्म पेशी आहेत, त्यांतील रंगद्रव्य तीव्र प्रकाश पडतांच विरघळल्यासारखें होतें व तें पुनः भरून येण्यास अवधि लागतो. अंधाराचा पूर्ण सराव होण्यास तर डोळ्यास अर्धा तास लागतो. म्हणून झोत डोळ्यांवरून गेल्यावर कांहीं क्षण मनुष्य जवळ जवळ आंधळा असतो. ताशीं ६० किलोमीटर वेगानें जाणारी गाडी एका सेकंदांत सुमारें १७ मीटर जाते. तीन सेकंद दृष्टि गेली, तर गाडीनें ५० मीटर वाट आंधळेपणीं तुडविली असें झालें. एवढ्या अंतरांत एक बैलगाडी, दोन सायकली व रस्ता ओलांडणारी एक म्हातारी यांस मावण्याइतकी जागा असते.

वय वाढेल तसा हा दोष वाढतो. साठीच्या मनुष्याच्या डोळ्यांतील पडद्यावर विशींतल्या तरुणाच्या मानानें सुमारें एक तृतीयांशच प्रकाश पोंचतो; आणि मोतीबिंदूचा आरंभ झाला असेल, तर समोरचा झोत डोळ्यांत पसरून सर्वत्र धुकें पडल्यासारखें दिसतें. अ जीवनसत्त्वाच्या अभावीं रातांधळेपणा येतो, हें आम्हीं गाजर, पपई व शेवग्याचा पाला यांविषयीं लिहितांना मागें सांगितलेंच आहे. ज्यांची चाळिशी उलटली आहे व ज्यांस रात्रीं गाडी चालवावी लागते, त्यांनीं वर्षांतून एकदां डोळे तपासून घ्यावे. बैलाचे दांत पाहून त्याची परीक्षा करणाऱ्या शेतकऱ्यानें स्वतःच्या डोळ्यांची परीक्षा टाळावी, हें बरें नव्हे.

आतां दिव्याचा विचार करूं. मोटारीच्या पुढील दिव्यास दोन झोत असतात. एक लांब जाणारा व एक खालीं वळलेला. लोकांच्या तोंडीं यांस अप्पर व डिप्पर अशीं नांवें रूढ आहेत. आणि मालमोटारींच्या पाठीवर तर रात्रीं डिप्पर वापरण्याची सूचना मोठ्या अक्षरांत रंगविलेली असते. ती सूचना सर्व जण वाचतात, पाळणारे थोडे. चांगल्या दिव्याच्या खालच्या झोतांत सुमारें ४० ते ५० मीटरपर्यंतची वस्तु नीट ओळखूं येते. लांब झोतांत १०० मीटरच्या पलीकडचीही दिसते. आपल्या देशांत वाहनें डाव्या बाजूनें चालतात, म्हणून खालचा झोत असा बनविलेला असतो कीं, तो डाव्या कडेस अधिक दूर पोंचावा व उजवीकडे, म्हणजे समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांकडे, दबलेला राहावा. अर्थात् झोत खालीं केल्यानें आपण सर्वस्वीं आंधळे होतों, ही समजूत चुकीची आहे. आपली डावी कड आपणांस दिसतच असते, आणि समोरच्याचीही दृष्टि शाबूत राहते.

सरकारचा नियमही हेंच सांगतो. सन १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील १०६ व्या नियमाचा आशय असा आहे कीं, पुढच्या दिव्याचा झोत खालीं असा वळलेला असावा, कीं दिव्यापासून ८ मीटर अंतरावर, दिव्याच्या उजवीकडे अर्धा मीटर व जमिनीपासून दीड मीटर उंचीवर ज्याचा डोळा आहे, त्या मनुष्यास तो दिपवूं शकणार नाहीं. दीड मीटर उंची म्हणजे उभ्या माणसाच्या डोळ्याची उंची. नियम करणाराच्या मनांत केवळ दुसरा मोटारवाला नव्हता. रस्त्यानें पायीं चालणाराही त्याच्या मनांत होता, ही गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे.

परंतु दिवा मुळांतच बिघडविलेला असला, तर झोत खालीं करूनही उपयोग होत नाहीं. बाजारांत ठराविक शक्तीहून अधिक शक्तीचे बल्ब मिळतात. साध्या मोटारीच्या दिव्यास ६०/५५ वॉटचा बल्ब योग्य असतां हौशी लोक १००/९० वॉटचा बसवितात; त्यानें वायर तापते, खोबणी वितळते, आरशाची चकाकी जाते आणि समोरच्याचे डोळे फुटतात. अलीकडे पांढऱ्याशुभ्र एलईडी बल्बांचें वेड आहे. ज्या दिव्याचा आरसा साध्या तारेच्या बल्बासाठीं घडविलेला आहे, त्यांत हा नवा बल्ब बसविला, तर प्रकाश उगम पावण्याची जागा बदलते व झोत विस्कटून चहूंकडे उधळतो. प्रकाश अधिक झाला असें मालकास वाटतें. परंतु जो प्रकाश रस्त्यावर पडावयाचा तो झाडांच्या शेंड्यांवर व लोकांच्या डोळ्यांवर पडत असतो. पाटाचें पाणी सरीत न जातां बांधावरून वाहूं लागलें, तर त्यास भरपूर पाणी कोणी म्हणत नाहीं.

दुसरा दोष ओझ्याचा. टेंपोच्या मागील भागांत भाजीचीं पोतीं किंवा दुधाचे कॅन ठासून भरले, म्हणजे मागचा भाग बसतो व पुढचा भाग वर उचलला जातो. मग खालचा झोतही समोरच्याच्या डोळ्यांत जातो. यावर एक सोपी परीक्षा आहे. सपाट जागीं भिंतीपासून १० मीटर अंतरावर, नेहमींचें ओझें भरलेली गाडी भिंतीकडे तोंड करून उभी करावी. दिव्याच्या मध्याची जमिनीपासूनची उंची मोजून तेवढ्याच उंचीवर भिंतीवर खडूनें रेघ ओढावी. खालच्या झोताची वरची कड त्या रेघेच्या १० ते १५ सेंटिमीटर खालीं पडली पाहिजे. ती रेघेवर किंवा रेघेच्याही वर पडत असेल, तर दिव्यामागील स्क्रू फिरवून ती खालीं आणावी. ज्या गाड्यांस यासाठीं आंत बटण दिलेलें असतें, त्यांच्या चालकांनीं तें बटण कशाचें, हें एकदां समजून घ्यावें. दिव्याच्या कांचेवरील चिखल व धूळ पुसण्यास तर फडक्याखेरीज कांहींच लागत नाहीं. समोरची मोठी कांच आंतून-बाहेरून स्वच्छ ठेवावी. मळक्या व ओरखडे पडलेल्या कांचेवर झोत पडला, म्हणजे सारी कांच पांढरी होते.

आतां चालविण्याची रीति. समोरून वाहन येतांना दिसलें कीं झोत खालीं करावा. समोरच्यानें प्रथम करावा, अशी वाट पाहूं नये. पुढें चाललेल्या वाहनाच्या मागें असतांनाही झोत खालींच ठेवावा. कारण आपला उजेड त्याच्या आरशांतून त्याच्या डोळ्यांत शिरतो. समोरच्यानें झोत खालीं केला नाहीं, तर त्याच्या दिव्याकडे न पाहतां रस्त्याच्या डाव्या कडेकडे नजर ठेवावी व वेग कमी करावा. उलट झोत चढवून सूड घेणें म्हणजे एका आंधळ्याऐवजीं दोन आंधळे एकमेकांवर धांवत येणें होय. धुक्यांत किंवा पाचटाच्या धुरांत लांब झोत कधींही टाकूं नये. तो धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत परत येतो. रस्त्यालगतच्या शेतांत पाचट पेटविणाऱ्यांनीं जमिनीच्या कसाबरोबर या धुराचाही विचार करावा.

सर्वांत मोठा नियम असा आहे कीं, जेवढें दिसतें तेवढ्या अंतरांत गाडी थांबविता आली पाहिजे. धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण दीड सेकंद जातो. ताशीं ६० किलोमीटर वेगास त्यांत २५ मीटर वाट सरते व पुढें कोरड्या डांबरी रस्त्यावर थांबण्यास आणखी सुमारें तितकीच लागते. म्हणजे एकूण ५० मीटर होतात. खालच्या झोताची ही अगदीं शेवटची हद्द झाली. ताशीं ८० च्या वेगास हेंच अंतर ७५ मीटरच्या घरांत जातें. अर्थात् खालच्या झोतांत ८० च्या वेगानें जाणारा मनुष्य आपल्या दृष्टीच्या पुढें २५ मीटर धांवत असतो. तेथें काय आहे हें त्यास ठाऊक नसतें. वेग ५० वर आणला, तर तो ३७-३८ मीटरांत थांबूं शकतो. ओल्या रस्त्यावर किंवा भरलेल्या गाडीस हें अंतर पुष्कळ वाढतें, हें सांगावयास नकोच.

येथवर मोटारवाल्याचा दोष झाला, आणि वाचक माना डोलवीत असतील. आतां आपल्या घरचा दोष पाहूं. दिव्याचीं कामें दोन आहेत. आपण पाहावें हें एक, आणि आपण दिसावें हें दुसरें. १ एप्रिल २०१७ पासून भारतांत नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिनाबरोबर आपोआप लागतो व दिवसाही लागलेला राहतो. तो पाहण्यासाठीं नसून दिसण्यासाठींच आहे. आम्ही शेतकरी पहिल्या कामासाठीं दिवा लावतों; दुसऱ्या कामाची आम्हांस पर्वा नसते. ट्रॅक्टरचा चालक म्हणतो, "मला रस्ता दिसतो, मग मागें दिवा कशाला?" मागचा दिवा त्याच्यासाठीं नाहींच, तो मागून येणाऱ्याच्या आयुष्यासाठीं आहे.

उंसाच्या ट्रॉलीची स्थिति पाहा. ट्रॅक्टरापासून ट्रॉलीपर्यंत जाणारी वायर फडांतच कोठें तरी तुटते. दुसऱ्या ट्रॉलीपर्यंत तर ती बहुधा जातच नाहीं. दिवा असलाच, तर ट्रॉलीबाहेर लोंबणाऱ्या उंसांच्या टोकांनीं व वाढ्यानें तो झांकून जातो. तांबडी पट्टी असलीच, तर चिखलानें ती काळी झालेली असते. उंसाचा रंग रात्रीं रस्त्यासारखाच काळा. अशी ही दहा-वीस टनांची काळी भिंत धिम्या गतीनें चालते, चढावर त्याहूनही मंद होते, आणि मागून मोटारसायकलवर आपलाच कोणी भाऊ-पुतण्या ६० च्या वेगानें येत असतो. नियमाप्रमाणें मागचा तांबडा दिवा १५५ मीटरवरून दिसावयास हवा. आमची ट्रॉली १५ मीटरवरूनही दिसत नाहीं.

आणखी दोन खोडी ट्रॅक्टरच्याच आहेत. रात्रीं नांगरतांना उपयोगी पडावा म्हणून ट्रॅक्टरच्या मागें एक पांढरा दिवा असतो. शेतांतून रस्त्यावर येतांना तो मालवावयाचा विसर पडतो. मागून येणाऱ्यास तो समोरून येणाऱ्या वाहनाचा दिवा वाटतो व त्याचा अंदाज साफ चुकतो. दुसरें असें कीं, पुढच्या दोन दिव्यांपैकीं एक बंद पडला, तर ट्रॅक्टर काणा होतो. समोरच्यास तो मोटारसायकल भासते, आणि रस्त्याची अर्धी रुंदी मोकळी आहे अशा समजुतीनें तो सरळ अंगावर येतो. एका बल्बाच्या आळसाची ही किंमत आहे!

आमच्या वाडवडिलांस हें शहाणपण होतें. रात्रीं गाडी जुंपली, म्हणजे साटीखालीं कंदील टांगल्याशिवाय ते गांवाची वेस ओलांडीत नसत. कंदील गेले व त्यांबरोबर ती रीतिही गेली. आज कंदिलाहून स्वस्त व बिनतेलाचें साधन उपलब्ध आहे. प्रकाश पडतांच तो आल्या वाटेनें परत फेंकणाऱ्या ज्या पट्ट्या मिळतात, त्यांस लोक रेडियम म्हणतात. वस्तुतः त्यांत रेडियम धातूचा लवलेशही नसतो. इंग्लंडांत पर्सी शॉ या गृहस्थानें सन १९३४ मध्यें रस्त्यांत बसवावयाच्या अशाच चमकणाऱ्या खुणांचा शोध नोंदविला व त्यांस मांजराच्या डोळ्यांचें नांव पडलें. अमेरिकेंत ओहायओ राज्याच्या विद्यापीठानें सन १९६२-६३ च्या सुमारास मंद चालणाऱ्या शेतकी वाहनांसाठीं नारिंगी मध्य व तांबड्या कडांचें एक त्रिकोणी चिन्ह सिद्ध केलें. ट्रॅक्टरच्या पाठीवरील तें चिन्ह पाहतांच मागचा समजतो कीं पुढील वाहन मंद आहे. ही युक्ति शेतकऱ्यांसाठींच निघाली, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे.

यावर कांहीं आक्षेप येतात. पहिला असा कीं, वाहतूक ठेकेदाराची, ट्रॅक्टर दुसऱ्याचा. आमचा संबंध काय? कायद्यानें संबंध असो वा नसो; ऊंस आपल्या शेतांतून निघाला आहे, आणि ट्रॉली भरतांना आपण तेथें उभे असतों. "दिवा लाव, मग गाडी हलीव," हे चार शब्द बोलण्यास ठेकेदाराची परवानगी लागत नाहीं. दुसरा आक्षेप खर्चाचा. एका ट्रॉलीस पुरेशा पट्ट्या व लोहचुंबकानें चिकटणारा बॅटरीचा एक तांबडा दिवा यांस जें लागतें, तें ट्रॉलीभर उंसाच्या मोलापुढें नगण्य आहे. तिसरा आक्षेप असा कीं, मागून येणाऱ्यानें पाहून चालवावें. तें खरेंच, पण दोघांपैकीं एकाची चूक असली म्हणून दुसऱ्याचें कर्तव्य संपत नाहीं. मेलेल्याची चूक कितवा हिस्सा होती, हें न्यायाधिकरण पुढें ठरवील. त्याच्या घरांतील चूल मात्र त्याच रात्रीं विझते.

म्हणून आमच्या सूचना अशा आहेत. गळीत हंगाम सुरू होण्यापूर्वीं प्रत्येक गांवच्या सोसायटीनें एक दिवस ठरवून सभासदांचे सर्व ट्रॅक्टर, ट्रॉल्या व टेंपो एका जागीं आणवावे, वर सांगितलेली भिंतीची परीक्षा करावी, आणि प्रत्येक ट्रॉलीच्या मागें व दोन्ही बाजूंस पट्ट्या लावून घ्याव्या. सोसायटीच्या विक्रीदुकानांत खतांच्या पोत्यांशेजारीं या पट्ट्या व तांबडे दिवे विकावयास ठेवावे. टायरच्या बैलगाड्यांस मागें व चाकांस पट्टी असावी, आणि बैलांच्या शिंगांसही एकेक वेटोळें द्यावें. ऊंसतोडीला आलेलीं परगांवचीं कुटुंबें मुलांबाळांसह त्याच गाड्यांवर बसून पहाटे निघतात, हें विसरूं नये. कारखान्यांच्या संचालकांस आमची आग्रहाची विनंति आहे कीं, ज्या वाहनाचा मागचा दिवा लागत नाहीं त्यास काट्यावरून वजनाची चिठ्ठी देऊं नये. हा एक नियम कडकपणें पाळला, तर पंधरा दिवसांत सारा जिल्हा उजळेल. कारण काट्यावरचा खोळंबा जितका शेतकऱ्यास व चालकास झोंबतो, तितका कोणताही उपदेश झोंबत नाहीं.

वाहन नादुरुस्त झाल्यास तें रस्त्याबाहेर घ्यावें; घेतां न आल्यास मागें निदान शंभर पावलांवर चमकणारा त्रिकोण ठेवावा. सन १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १२२ व्या कलमानें धोका होईल अशा रीतीनें वाहन रस्त्यावर सोडण्यास मनाई आहे. आपल्याकडे अशा वेळीं दगड व फांद्या रचण्याची चाल आहे आणि वाहन दुरुस्त होतांच दगड तेथेंच टाकून निघून जाण्याचीही आहे! तेच दगड पुढच्या दुचाकीवाल्याचा जीव घेतात. जो दगड ठेवील, त्यानेंच तो उचलावा. रात्रीं पायीं जाणारांनीं काळी घोंगडी पांघरून रस्त्यानें चालूं नये. अंगावर कांहीं तरी पांढरें असावें, हातांत बॅटरी असावी, आणि समोरून येणारें वाहन दिसेल अशा उजव्या कडेनें चालावें.

त्या रात्रींनंतर आमच्या मळ्यांतून भरलेली एकही ट्रॉली आम्हीं दिव्यावांचून बाहेर जाऊं दिलेली नाहीं. यांत बढाई मारण्यासारखें कांहीं नाहीं. कारण जें आम्ही आज करतों, तें त्या रात्रीपूर्वीं करीत नव्हतों, व त्याचें प्रायश्चित्त आम्हांस न मिळतां केवळ दैवानें आम्ही सुटलों. त्या पोरालाही आम्हीं दुसऱ्या दिवशीं बोलावून घेतलें व आदल्या रात्रींच्या शब्दांबद्दल त्याच्यापाशीं दिलगिरी व्यक्त केली. दिवा त्यानें लावला नव्हता, पण तो त्यास द्यावयास आम्हीच चुकलों होतों.

आपला झोत खालीं करणें म्हणजे अनोळखी मनुष्यास अंधारांत वाट करून देणें होय. आणि आपल्या गाडीमागें दिवा लावणें म्हणजे जो आपणांस कधीं भेटणार नाहीं, त्याच्या घरच्या माणसांचा विचार करणें होय. बांधाच्या कामीं शेजाऱ्याशीं जसें वागावयाचें, तसेंच रस्त्याच्या कामीं परक्याशीं वागावयास आपण शिकलें पाहिजे. हा अंक वाचकांच्या हातीं पडेल तेव्हां फडांत गाड्या भरत असतील. आमच्या प्रत्येक सभासद बंधूनें आज संध्याकाळीं आपल्या ट्रॉलीच्या मागें एकदां जाऊन उभें राहावें, आणि रात्रीं ती आपणांस दिसेल कीं नाहीं, हें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहावें, एवढीच आमची विनंति आहे.